दुसऱ्याच्या नावाने निघणारे मेल: सांगलीतील एका हळद-बेदाणा पेढीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळची ही पेढी हळद आणि बेदाण्याचा व्यापार करते. सौद्यात माल घ्यायचा, प्रतवारी करायची आणि दिल्ली, इंदूर, अहमदाबाद येथल्या घाऊक खरेदीदारांना तो मुदतीच्या उधारीवर पाठवायचा, असा हा व्यवहार आहे. पेढीची आणि संबंधित माणसांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. घटनाक्रम आणि तांत्रिक बाबी मात्र घडल्या तशाच दिल्या आहेत.

उधारीच्या व्यापारात वसुली हे माणसामाणसांतले काम असते. या पेढीत चार जण वसुली पाहतात आणि प्रत्येकाचे खरेदीदार ठरलेले आहेत. इंदूरच्या व्यापाऱ्याला पेढीचे नाव ठाऊक असतेच, पण फोन उचलताना तो ज्या बाईंशी गेली कित्येक वर्षे बोलत आला आहे, त्यांचा आवाज ओळखून उचलतो. या चौघांत सर्वांत ज्येष्ठ असलेल्या हिशेबनीस बाईंना कार्यालयात सगळे ताई म्हणतात, आणि पेढीच्या मालकांना अण्णा. पुढेही हेच उल्लेख ठेवले आहेत.

बिले, खातेउतारे आणि थकबाकीची स्मरणपत्रे काढणारा प्रोग्रॅम पेढीने स्थानिक प्रोग्रॅमरकडून लिहून घेतला होता. मुदत उलटली की ठरलेल्या टप्प्यांवर स्मरणपत्र तयार व्हायचे आणि ते त्या-त्या खरेदीदाराची वसुली पाहणाऱ्या व्यक्तीच्या नावाने आणि पत्त्याने मेल म्हणून जायचे. टप्पे तीन होते. पहिल्या पत्राची भाषा विनंतीची, दुसऱ्याची आठवणीची आणि तिसऱ्याची व्याज लावण्याचा इशारा देणारी होती. हे मजकूर एकदा ठरले ते ठरले. चौघांपैकी कोणालाही ते नंतर दाखवले गेले नव्हते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या कार्यालयाचे नुकसान झाले. त्यानंतर पेढीने आपली मेलव्यवस्था कार्यालयातल्या संगणकावरून हलवून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेली. बिलांचा प्रोग्रॅम मात्र बाहेरच्या एका जुन्या होस्टिंग सर्व्हरवरूनच मेल पाठवत राहिला. पत्रावर ताईंचा पत्ता असे, पण पत्र ताईंच्या मेलबॉक्सला स्पर्शही न करता निघत असे.

पत्रावरचे नाव आणि पत्र पोचवणारा

पुढचे समजण्यासाठी मेलची घडण थोडक्यात पाहावी लागेल. मेल पोचवणाऱ्या एसएमटीपी या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी येतो. एक पत्ता पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या संभाषणात सांगितला जाणारा, आणि दुसरा पत्राच्या आतला, 'फ्रॉम' या ओळीतला. वाचणाऱ्याला दिसतो तो दुसरा. हे दोन्ही पत्ते एकच असले पाहिजेत अशी सक्ती मूळ पद्धतीत नाही, आणि फ्रॉममध्ये जो पत्ता लिहिला आहे तो लिहिण्याचा अधिकार पाठवणाऱ्याला आहे का, हेही ती पद्धत स्वतःहून तपासत नाही.

एकाने लिहिलेले पत्र दुसऱ्याने पाठवणे हे मेलच्या नियमांना नवे नाही. मेलचा मजकूर कसा रचावा हे सांगणाऱ्या आरएफसी ५३२२ या २००८ च्या दस्तऐवजात सचिवाचेच उदाहरण दिले आहे. सचिवाने वरिष्ठांसाठी पत्र पाठवले तर वरिष्ठांचा पत्ता 'फ्रॉम' ओळीत आणि सचिवाचा पत्ता 'सेंडर' ओळीत यावा, असे तेथे म्हटले आहे. १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्येही सेंडर ही ओळ होतीच. म्हणजे जबाबदारी कोणाची आणि हात कोणाचा, हे वेगळे दाखवण्याची सोय आरंभापासून आहे. या पेढीच्या प्रोग्रॅममध्ये ती वापरलेली नव्हती.

फ्रॉममधला खोटेपणा रोखण्यासाठी पुढे तीन उपाय आले. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते एसपीएफ जाहीर करतो. डीकेआयएम पत्रावर डोमेनची डिजिटल सही करतो. डीमार्क हे पाहतो की या दोहोंपैकी निदान एक उत्तीर्ण झाला आहे आणि त्यातले डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळते आहे. तसे नसेल तर पत्राचे काय करावे हेही तो सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० वा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही उपाय सक्तीचे झाले. पेढीचे मेल त्या संख्येच्या जवळपासही नव्हते, तरी पेढीचे नेटवर्क पाहणाऱ्या गृहस्थांनी तिन्ही नोंदी नीट लावून घेतल्या आणि डीमार्कमध्ये न जुळणारे पत्र स्पॅममध्ये टाकावे असे सांगितले. त्यांचे हे काम योग्यच होते.

अडचण कशी उभी राहिली

त्या नोंदी लागल्यावर प्रोग्रॅमने पाठवलेली स्मरणपत्रे खरेदीदारांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली. जुना होस्टिंग सर्व्हर एसपीएफच्या यादीत नव्हता आणि त्याच्याकडे डीकेआयएमची किल्लीही नव्हती. वसुली थंडावली तेव्हा कारण शोधले गेले आणि प्रोग्रॅमरला सांगण्यात आले की मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ मधूनच गेले पाहिजेत.

प्रोग्रॅमरने आधी 'हिशेब' या सामाईक पत्त्याने लॉगिन करून फ्रॉममध्ये ताईंचा पत्ता घातला. सर्व्हरने 'सेंड ॲज डिनाइड' असे सांगून पत्र नाकारले, कारण एका खात्याने लॉगिन करून दुसऱ्याच्या पत्त्याने पाठवायचे तर तशी परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. हा नकार म्हणजे या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू होता. ताईंच्या नावाने पाठवायला ताईंची आणि पेढीची परवानगी आहे का, हा प्रश्न सर्व्हरने नेमक्या जागी विचारला होता. पेढीत मात्र तो प्रश्न 'एरर कशी घालवायची' एवढाच उरला.

एरर घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग निवडला गेला. मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला मायक्रोसॉफ्ट ३६५ शी जोडणाऱ्या सोयीत, 'मेल डॉट सेंड' नावाची परवानगी दोन प्रकारे मिळते. 'डेलिगेटेड' प्रकारात वापरकर्ता स्वतः लॉगिन करतो आणि प्रोग्रॅम त्याच्या अधिकाराच्या मर्यादेत वागतो. 'ॲप्लिकेशन' प्रकारात लॉगिन केलेला कोणी माणूस नसतो. प्रोग्रॅम स्वतःच्याच ओळखीने काम करतो, आणि ॲडमिनने एकदा संमती दिली की संस्थेतल्या कोणत्याही मेलबॉक्समधून त्याला मेल पाठवता येतो. दुसरा प्रकार घेतला गेला. चौघांची सोय पाहण्यासाठी दिलेली ही परवानगी अण्णांच्या मेलबॉक्सलाही लागू होते, हे त्या वेळी कोणी लक्षात घेतले नाही. पेढीतल्या प्रत्येकाच्या सह्या केलेली कोरी लेटरहेड एका कपाटात ठेवावीत आणि कपाटाची किल्ली सामाईक फोल्डरमध्ये असावी, तसे ते झाले, कारण प्रोग्रॅमचा गुप्त संकेतशब्द खरोखरच सामाईक फोल्डरमधल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये होता.

आणखी दोन लहान गोष्टी केल्या गेल्या, आणि पुढचा सारा घोळ त्यांनीच वाढवला. पाठवलेल्या पत्राची प्रत ज्याच्या नावाने पत्र गेले त्याच्या 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवणे ही एपीआयची मूळ रीत आहे. फोल्डर भरून जाईल म्हणून ती बंद केली गेली. शिवाय 'रिप्लाय-टू' या ओळीत सामाईक 'हिशेब' पत्ता घातला गेला, म्हणजे खरेदीदाराने उत्तर दिले की ते ताईंकडे न येता त्या पेटीत पडणार. ती पेटी उघडून पाहण्याचे काम कोणाकडेही नेमलेले नव्हते.

मार्चअखेरीला इंदूरच्या एका जुन्या खरेदीदाराला सकाळी सहा वाजता तिसऱ्या टप्प्याचे पत्र गेले. खाली ताईंचे नाव होते, पूर्ण बिलाची रक्कम होती आणि व्याजाचा इशारा होता. वस्तुतः त्या मालातल्या काही पोत्यांना ओल जास्त निघाल्याने ताईंनी फोनवरच वटाव कबूल केला होता आणि खरेदीदाराने उरलेली रक्कम आरटीजीएसने भरलीही होती. बँकेतली ती जमा अजून कीर्दीत उतरलेली नव्हती. ताई घरच्या लग्नासाठी रजेवर होत्या.

खरेदीदाराने आधी मेललाच उत्तर दिले. ते सामाईक पेटीत पडून राहिले. दोन दिवस उत्तर न आल्याने त्याने थेट अण्णांना फोन केला. शब्द देऊन फिरवणाऱ्या माणसांशी आपण व्यवहार करत नाही, असे त्याने ऐकवले. अण्णांनी ताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अण्णा, वटाव मीच ठरवला होता, मी असं पत्र कशी लिहीन? मी काहीच पाठवलेलं नाही." त्यांनी मोबाइलवर सेंट फोल्डर उघडून पाहिला. तेथे ते पत्र नव्हते.

पहिला तर्क खाते हॅक झाल्याचा निघाला, आणि तो चुकीचा असला तरी अवाजवी नव्हता. ताईंचा पासवर्ड बदलला गेला, त्यांचा फोन तपासला गेला. नेटवर्क पाहणाऱ्या गृहस्थांनी मेसेज ट्रेस, म्हणजे पत्राच्या प्रवासाची नोंद, काढला तेव्हा पत्र ताईंच्याच मेलबॉक्समधून निघाल्याचे दिसले, पण ताईंच्या लॉगिनच्या नोंदींत त्या सकाळचे काहीच नव्हते. माणसांच्या लॉगिनची यादी बाजूला ठेवून ॲप्लिकेशनच्या लॉगिनची वेगळी यादी उघडल्यावर बिलांच्या प्रोग्रॅमने त्याच वेळी टोकन (तात्पुरता प्रवेशपरवाना) घेतल्याचे सापडले. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदवहीत बिल क्रमांक आणि 'गेले' एवढेच लिहिलेले होते. कोणाच्या नावाने, कोणत्या मजकुराचे पत्र गेले, याची नोंद कोठेच नव्हती.

रकमेची चूक कीर्दीत जमा घेतल्यावर मिटली. ताईंना लागले ते वेगळेच होते. त्यांच्या नावाने कोणीतरी बोलत आहे, तेही त्यांनी दिलेल्या शब्दाच्या विरुद्ध, आणि त्यांना ना त्याची प्रत मिळते ना उत्तर, ही स्थिती किती दिवस चालू होती हेही त्यांना सांगता येत नव्हते. ही तक्रार भावनेची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार एखादे इलेक्ट्रॉनिक पत्र मूळ पाठवणाऱ्याचेच मानले जाते, मग ते त्याने स्वतः पाठवलेले असो, त्याच्या वतीने त्या पत्रापुरता अधिकार असलेल्याने पाठवलेले असो, किंवा त्याने वा त्याच्या वतीने आपोआप चालावी म्हणून रचलेल्या यंत्रणेने पाठवलेले असो. म्हणजे 'यंत्राने पाठवले' हे पेढीला समोरच्यापुढे कारण म्हणून सांगता येत नाही. आणि पत्रावर नाव एका कर्मचाऱ्याचे असेल, तर उद्या वाद झाल्यास त्या कर्मचाऱ्याला आपले नाव तेथे कसे आले हे समजावत बसावे लागते.

पर्याय

अण्णांनी प्रोग्रॅम तात्पुरता थांबवला आणि चौघे जण, प्रोग्रॅमर व नेटवर्क पाहणारे गृहस्थ यांना एकत्र बसवले. वसुली करणाऱ्यांना तांत्रिक बैठकीत बोलावणे हाच पुढच्या सगळ्या चांगल्या निर्णयांचा पाया ठरला असे मला वाटते.

प्रत्येकाचा पासवर्ड प्रोग्रॅममध्ये ठेवायचा, हा पर्याय कोणीतरी मांडला आणि तो लगेच बाद झाला. पासवर्ड हातात असलेल्या प्रोग्रॅमला पत्रे पाठवताही येतात आणि सगळी वाचताही येतात. शिवाय दुहेरी पडताळणी लावल्यावर तो मार्ग टिकत नाही. बाहेरची घाऊक मेलसेवा घेण्याचाही विचार झाला. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एका मेलबॉक्सला दिवसाला १०,००० प्राप्तकर्ते आणि मिनिटाला ३० पत्रे अशी मर्यादा आहे. पेढीची गरज तिच्या कितीतरी आत बसत असल्याने तो खर्च अनाठायी होता.

सगळी पत्रे 'हिशेब' या सामाईक पत्त्यानेच पाठवायची, कोणाचेही व्यक्तिगत नाव फ्रॉममध्ये घालायचेच नाही, हा पर्याय सर्वांत स्वच्छ होता. वसुली करणाऱ्यांपैकी दोघांनी त्याला हरकत घेतली, आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते. सामाईक पत्त्याचे पत्र खरेदीदार सावकाश उघडतो. ओळखीच्या नावाचे पत्र आले की त्याला उत्तर देणे भाग पडते. नावाची ही किंमत खरी आहे, आणि म्हणूनच ते नाव कोणाच्या हाती द्यायचे हा प्रश्नही खरा आहे.

पुढचा पर्याय 'सेंड ऑन बिहाफ'चा होता, म्हणजे फ्रॉममध्ये ताई आणि सेंडरमध्ये 'हिशेब'. आउटलुकमध्ये असे पत्र उघडले की अमुक पत्त्याने तमुक व्यक्तीच्या वतीने पाठवल्याचे वाचणाऱ्याला दिसते, आणि तत्त्वतः हाच प्रामाणिक मार्ग होता. तपासताना मात्र एक अडचण समोर आली. पेढीचे बहुतेक खरेदीदार जीमेल वापरतात, आणि जीमेल 'व्हाया' अशी नोंद दाखवतो ती पाठवणारे डोमेन फ्रॉममधल्या डोमेनहून वेगळे असताना. येथे दोन्ही पत्ते पेढीच्याच डोमेनचे असल्याने जीमेलवरच्या खरेदीदाराला ताईंचे नावच दिसणार. तेव्हा 'च्या वतीने' हे शब्द पत्राच्या मजकुरातच लिहावे लागतील, फ्रॉम-सेंडरच्या ओळींवर विसंबून चालणार नाही, हे स्पष्ट झाले.

प्रोग्रॅमने ताईंच्या मेलबॉक्समध्ये पत्राचा मसुदा ठेवावा आणि ताईंनी तो आउटलुकमधून पाठवावा, हा पर्याय सर्वांना आवडला होता. तो सोडावा लागला, कारण मसुदा ठेवण्यासाठी प्रोग्रॅमला मेलबॉक्स वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी लागते, आणि ती नुसत्या पाठवण्याच्या परवानगीहून बरीच मोठी आहे. वसुली पाहणाऱ्यांच्या मेलबॉक्समध्ये भाव, सौदे, खरेदीदारांच्या अडचणी असे सगळेच असते. पाठवण्याच्या सोयीसाठी वाचण्याचा हक्क देऊ नये, असे बैठकीत ठरले. हा दुसरा निर्णयबिंदू मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे पेढीने सोय मोजली आणि तिच्यासाठी काय द्यावे लागते तेही मोजले.

निर्णय आणि अंमलबजावणी

पत्रांचे दोन भाग करण्यात आले. बिलाची प्रत, माल निघाल्याची सूचना आणि महिन्याचा खातेउतारा ही पेढीची पत्रे आहेत. त्यांत कोणा एका व्यक्तीचा शब्द नाही. ती आपोआप जातात, 'हिशेब' याच नावाने जातात, आणि रिप्लाय-टूमध्ये संबंधित वसुली पाहणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणजे उत्तर जिवंत माणसापर्यंत पोचते. स्मरणपत्रे मात्र माणसाची आहेत. प्रोग्रॅम रोज सकाळी त्यांची यादी तयार करतो. ताई आपल्या खात्याने प्रोग्रॅमच्या पानावर लॉगिन करतात, पत्र वाचतात, हवे ते बदलतात, नको ते रोखतात आणि मग पाठवतात. यासाठी डेलिगेटेड प्रकारची फक्त 'मेल डॉट सेंड' परवानगी घेतली आहे. पत्र ताईंच्या लॉगिनने जाते आणि प्रत त्यांच्याच सेंट फोल्डरमध्ये राहते.

पहिल्या भागासाठी ॲप्लिकेशन प्रकारची परवानगी ठेवावी लागली, कारण रात्री बारा वाजता लॉगिन करायला कोणी बसलेले नसते. ती फक्त 'हिशेब' या एका मेलबॉक्सपुरती बांधायची होती. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेल सांभाळणारी यंत्रणा असलेल्या एक्स्चेंजमध्ये त्यासाठी ॲप्लिकेशनला ठरावीक मेलबॉक्सच्या कक्षेतच भूमिका देण्याची सोय आहे. ती लावली, तपासणीच्या आज्ञेने 'हिशेब' कक्षेत आणि ताई कक्षेबाहेर असे उत्तरही दिले, आणि काम झाले असे वाटले.

नेटवर्क पाहणाऱ्या गृहस्थांनी त्यावर समाधान मानले नाही. त्यांनी प्रोग्रॅमच्या ओळखीने अण्णांच्या मेलबॉक्समधून स्वतःच्याच पत्त्यावर एक चाचणीचे पत्र पाठवून पाहिले, आणि ते पत्र आले. कारण असे की एक्स्चेंजमधली कक्षाबद्ध भूमिका आणि आधी दिलेली संस्थाव्यापी संमती यांची बेरीज होते. नवी भूमिका जुन्या संमतीला आवळत नाही. तपासणीची आज्ञा फक्त नव्या भूमिकेबद्दल बोलत होती. संस्थाव्यापी संमती काढून टाकली, बदल लागू व्हायला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा ४०३ क्रमांकाच्या नकाराने पत्र अडले. 'हिशेब'मधून मात्र ते गेले. अशा कामात जे जायला हवे ते जाते का याची चाचणी सगळेच करतात; जे जायला नको ते खरोखर अडते का, हे पाहणारा माणूस क्वचित भेटतो. या पेढीला तो लाभला.

त्याच वेळी सामाईक फोल्डरमधला संकेतशब्द रद्द करून त्याजागी सर्टिफिकेट, म्हणजे प्रोग्रॅमची ओळख पटवणारी डिजिटल फाइल, घेतले, आणि ते ज्या सर्व्हरवर प्रोग्रॅम चालतो तेथेच ठेवले. नोंदवहीत आता बिल क्रमांकासोबत कोणाच्या नावाने, कोणी मंजूर करून, कोणत्या मजकुराचे पत्र कधी गेले हे लिहिले जाते.

रजेचा प्रश्न वेगळा सोडवला. ताई रजेवर जाताना कोणाला आपल्या वतीने लिहू द्यायचे ते त्याच सांगतात. त्या सहकाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी 'सेंड ऑन बिहाफ' परवानगी दिली जाते, पत्राच्या पहिल्याच ओळीत 'ताईंच्या वतीने' असा उल्लेख असतो आणि प्रत ताईंना जाते. येथे एक बारकावा सांभाळावा लागला. एखाद्याकडे 'सेंड ॲज' आणि 'सेंड ऑन बिहाफ' या दोन्ही परवानग्या असतील तर 'सेंड ॲज'च लागू होते आणि 'च्या वतीने' ही खूण नाहीशी होते. म्हणून जुन्या प्रयोगांतून शिल्लक राहिलेल्या सगळ्या 'सेंड ॲज' परवानग्या शोधून काढून टाकल्या. मेलबॉक्सच्या 'फुल ॲक्सेस'मधून पाठवण्याचा अधिकार मिळत नाही, हेही त्या निमित्ताने सर्वांना कळले. तो 'फुल ॲक्सेस' एकाने दुसऱ्याला 'पाठवता यावे म्हणून' दिलेला होता, तोही परत घेतला.

परिणाम

इंदूरच्या खरेदीदाराला अण्णांनी स्वतः फोन करून खुलासा केला, आणि नंतर ताईंनी दुरुस्त खातेउतारा आपल्या पत्त्याने पाठवला. व्यवहार तुटला नाही. त्याने पुढचा सौदा घेतला, पण वटाव ठरला की तो आता मेलवर लिहून मागतो.

पत्रे स्पॅममध्ये जाणे थांबले, कारण सगळी पत्रे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधून डीकेआयएमच्या सहीसह निघतात आणि डीमार्कला जुळतात. सकाळचे काम मात्र वाढले. चौघांपैकी एकाने काही दिवसांतच सगळी पत्रे न वाचता एकदम पाठवायला सुरुवात केली, आणि 'सगळी पाठवा' हे बटण ठेवावे की काढावे यावर पुन्हा चर्चा झाली. बटण काढून टाकले गेले. त्याऐवजी तिसऱ्या टप्प्याच्या पत्राशेजारी त्या खरेदीदाराची बँकेतली शेवटची जमा आणि त्याच्याबद्दल लिहून ठेवलेला शेवटचा शेरा दिसू लागला. वाचण्याचा आग्रह धरायचा तर वाचण्यासारखे काहीतरी समोर ठेवायला हवे, हे त्यांना उमगले होते.

ताईंनी तिसऱ्या पत्राचा मजकूर बदलून घेतला. व्याजाचा इशारा त्यात आजही आहे, पण त्याआधी 'रक्कम भरली असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा' हे वाक्य आले आहे; यूटीआर म्हणजे बँकेतून भरलेल्या रकमेचा ओळखक्रमांक.

वेगळे काय करता आले असते

स्मरणपत्रे पहिल्यांदा त्यांच्या नावाने जाऊ लागली तेव्हाच चौघांची लेखी संमती घ्यायला हवी होती: कोणती पत्रे, कोणत्या मजकुरात, प्रत कोठे, उत्तर कोणाकडे आणि थांबवायचे कोणी. नोकरीत आहे म्हणून नाव वापरायला हरकत नसणार, हे पेढीने गृहीत धरले होते. संमती मागितली असती तर ताईंनी तिसऱ्या टप्प्याचा मजकूर तेव्हाच पाहिला असता, आणि रजेचे काय हा प्रश्नही त्यांनीच विचारला असता.

'सेंड ॲज डिनाइड' हा नकार आला त्या दिवशी प्रोग्रॅमरने अण्णांना एवढेच विचारले असते की ही परवानगी कोणाकोणाच्या नावापुरती हवी, तरी संस्थाव्यापी संमती देण्याची वेळ आली नसती. प्रोग्रॅमरला दोष देणे मला योग्य वाटत नाही. वसुली थांबलेली, सगळ्यांचा तगादा त्याच्या मागे, आणि परवानगीचा निर्णय कोणी घ्यायचा हे पेढीत ठरलेलेच नव्हते. असा निर्णय ॲडमिनच्या स्क्रीनवर एका टिचकीने होतो, म्हणून तो तांत्रिक वाटतो. तो घेणारा माणूस मालक किंवा त्यांनी नेमलेला जबाबदार अधिकारी असायला हवा.

डीमार्कची नोंद लावण्याआधी डोमेनच्या नावाने कोठून-कोठून मेल निघतात याची यादी करता आली असती. डीमार्कमध्ये कोणतीही कारवाई न करता फक्त अहवाल मागवण्याची सोय आहे. काही आठवडे ते अहवाल पाहिले असते तर जुना होस्टिंग सर्व्हर त्यांत लगेच दिसला असता आणि घाईची दुरुस्ती करावीच लागली नसती.

एक बाब अजून पुरती सुटलेली नाही. वसुली पाहणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली तर तिचा मेलबॉक्स पेढी काही काळ चालू ठेवते, जुन्या खरेदीदारांची पत्रे येत राहतात म्हणून. येणारी पत्रे घ्यायची आणि त्या नावाने काहीही पाठवायचे नाही, असे तोंडी ठरले आहे. पण प्रोग्रॅममधले खरेदीदार त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर वळवण्याचे काम अजून माणसाच्या आठवणीवर आहे. नोकरी सोडतानाच्या कागदपत्रांत त्यासाठी एक रकाना घालण्याचे अण्णांनी मान्य केले असून, तो रकाना भरल्याशिवाय अखेरचा हिशेब निघणार नाही अशी व्यवस्था प्रोग्रॅमर करत आहे.